क्ष कुणाच्या गळ्यात घालायचा

पोरी, कोडं वाचून झालं रे झालं की वहीवर ‘समजा, उत्तर क्ष’ असं लिहून मोकळी होतेस ना, ती सवय आधी सोड. शाळेत तसं शिकवतात, कारण एका तासात साठ पोरांना एकाच रस्त्यानं न्यायचं असतं. पण जे विचारलंय त्यालाच क्ष म्हणावं असा काही कायदा नाही. क्ष कुणाच्या गळ्यात घालायचा हे कळलं की निम्मी लढाई तिथेच संपते. उरते ती नुसती हमाली.

वयवारीचं एक जुनं उदाहरण घे. १९०३ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतून एक कोडं फिरलं आणि त्यानं लोकांना वेड लावलं. मेरी २४ वर्षांची आहे. मेरी जेव्हा अ‍ॅनच्या आजच्या वयाची होती, तेव्हा अ‍ॅनचं जे वय होतं, त्याच्या दुप्पट मेरीचं आजचं वय आहे. तर अ‍ॅन आज केवढी? घाईत वाचणारा म्हणतो, १२. त्याच्या कानात ‘दुप्पट’ एवढंच शिरलेलं असतं.

अ‍ॅनचं वय विचारलंय म्हणून त्याला क्ष म्हटलंस तर उत्तर येत नाही असं नाही. पण मधे कंस, कंसाबाहेर वजा, वजाचं अधिक, अशी सगळी वरात निघते. त्यापेक्षा विचार कर, या घालमेलीत जागची न हलणारी गोष्ट कोणती? दोघींच्या वयातला फरक. मेरी आज जेवढ्यानं मोठी, तेवढ्यानंच ती दहा वर्षांपूर्वीही मोठी होती. त्या फरकाला फ म्हण. अ‍ॅन आज २४ − फ. मेरी त्या वयाची होती फ वर्षांपूर्वी. तेव्हा अ‍ॅन आणखी फ नं लहान, म्हणजे २४ − २फ. आणि हे २४ च्या निम्मं, म्हणजे १२. झालं. फ = ६, अ‍ॅन १८ वर्षांची. सहा वर्षांपूर्वी मेरी १८, अ‍ॅन १२, आणि १२ ची दुप्पट २४. वयाच्या प्रत्येक कोड्यात अक्षर फरकालाच द्यावं असं मी म्हणत नाही, पण नजर आधी तिकडे जावी.

ताळ्याचं एक सांगून ठेवते. ताळा आपण मांडलेल्या समीकरणात करायचा नसतो. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर चुकीचं उत्तर त्यात अगदी ऐटीत बसतं. उत्तर घेऊन परत कोड्याच्या शब्दांकडे जायचं आणि एकेका वाक्यावर बोट ठेवून ते खरं होतंय का बघायचं. तुझे आजोबा तर आम्हाला पाटीला हात लावू द्यायच्या आधी कोडं तोंडानं परत सांगायला लावायचे, पुस्तक मिटून. सांगता आलं नाही तर पाटी नाही. भारी राग यायचा त्यांचा. पण सांगता सांगताच ध्यानात यायचं की ‘पाचनं जास्त’ आणि ‘पाचपट’ यांची आपण गल्लत करतोय.

अक्षर हुशारीनं ठेवण्यात भास्कराचार्यांचा हात धरणारा मला तरी दिसला नाही. त्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ ११५० सालचा. त्यातल्या बीजगणितात दोन मित्रांचं कोडं आहे. पहिला म्हणतो, मला शंभर दे, म्हणजे माझ्याकडे तुझ्या दुप्पट होतील. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, म्हणजे माझ्याकडे तुझ्या सहापट होतील. मुळात कुणाकडे किती?

आपण काय करू? पहिल्याचे क्ष, दुसऱ्याचे य, दोन समीकरणं, एकाला गुणा, दुसऱ्यातून वजा करा. आचार्य एका अक्षरात उरकतात. शंभर देऊन झाल्यावर दुसऱ्याकडे जे उरलं त्याला अक्षर द्यायचं. समजा, य. म्हणजे त्या घटकेला पहिल्याकडे २य. आता ते शंभर ज्याचे त्याला परत करून टाक. मुळात पहिल्याकडे २य − १००, दुसऱ्याकडे य + १००. बघ, पहिली अट मांडायची राहिलीच नाही. अक्षर ठेवतानाच ती पाळली गेली. आता दुसरी. पहिल्यानं दहा दिले की त्याच्याकडे २य − ११० आणि दुसऱ्याकडे य + ११०. हे सहापट, म्हणून य + ११० = १२य − ६६०. म्हणजे ११य = ७७०, य = ७०. पहिल्याकडे ४०, दुसऱ्याकडे १७०. शब्दांशी लावून बघ: १४० आणि ७०, मग ३० आणि १८०. दोन्ही बोलणी खरी.

७० किती, असं कोड्यात कुणी विचारलंच नव्हतं. ती रक्कम दोघांच्याही मुळातल्या पैशांत कुठे नाही. ती आहे देवघेव झाल्यानंतरची. म्हणून कोड्यात ‘इतके दिले तर तितके होतील’ असं दिसलं की अक्षर नंतरच्या रकमेला द्यायचं आणि तिथून मागे चालत यायचं. दुकानाच्या गल्ल्यातून आधी अर्धे गेले, मग दहा आले, मग उरलेल्याचा तिसरा हिस्सा गेला, अशा लांबण लावणाऱ्या कोड्यांनाही हीच मात्रा.

आचार्य क्ष-य लिहीत नसत बरं का. पहिल्या अव्यक्ताला ते ‘या’ लिहीत, यावत्तावत् मधला, आणि दुसऱ्या-तिसऱ्याला रंगांची आद्याक्षरं: काळा, निळा, पिवळा, तांबडा. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. नातवंडांनी आजोबांचं गणित पुढे चालवावं अशी सोय त्या काळीही करून ठेवावी लागत होती, म्हणजे बघ.

अपूर्णांकांना घाबरून कोडं सोडू नकोस. आचार्यांच्याच ‘लीलावती’त भुंग्यांचा थवा आहे. त्यातले एक पंचमांश कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलांवर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक बिचारा केतकी आणि मालतीच्या वासात मधेच घुटमळतोय. सगळे मिळून क्ष म्हटलेस तर छेद समान करत बसशील. पाच आणि तीनचा लसावि १५, तर सगळे मिळून १५य म्हण. कदंबावर ३य, शिलींध्रावर ५य, फरक २य, त्याची तिप्पट ६य. बेरीज १४य. उरला य, आणि तो एकच आहे. भुंगे १५. छेद अक्षराच्या अंगाला आधीच चिकटवून टाकला की अपूर्णांक जन्मालाच येत नाही. खुद्द लीलावतीतली रीत अक्षराशिवायची आहे. सोयीची संख्या धरून चालायचं आणि शेवटी प्रमाणात वाढवायचं. तिला इष्टकर्म म्हणतात. भरतीच्या परीक्षेत वेळ कमी असतो तेव्हा तीच उपयोगी पडते.

आता अंकांची कोडी. शिष्यवृत्तीच्या पेपरात यांच्याशिवाय पान हलत नाही. अंकांची अदलाबदल केल्यावर संख्या २७ नं वाढते आणि अंकांची बेरीज ९ आहे, तर ती दोन अंकी संख्या कोणती? इथे संपूर्ण संख्येला क्ष म्हटलंस तर हातात काहीच लागत नाही, कारण उलटी संख्या क्ष मध्ये लिहिताच येत नाही. दशकाला द आणि एककाला ए म्हण, आणि संख्या १०द + ए अशी सुटी करून लिही. नुसतं ‘दए’ लिहिलंस की पुढे तूच त्याचा गुणाकार करशील. उलटी संख्या १०ए + द. वजाबाकी केलीस की उरतं ९(ए − द). हे २७, म्हणून ए − द = ३; बेरीज ९, म्हणून ६ आणि ३. संख्या ३६. दोन अंकी संख्या आणि तिची उलटी यांच्यातला फरक ९ च्या पटीतच येतो, आणि बेरीज ११ च्या. छापील प्रश्नात ‘२८ नं वाढते’ असं दिसलं तर डोकं फोडून घेऊ नकोस, प्रश्नच चुकलाय.

हेच सुटं करून लिहिणं चार अंकांवर चालवलंस की देवळालीच्या कापरेकर मास्तरांच्या घरात पोचशील. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शाळेत शिकवायचे आणि संख्यांशी खेळायचे. ६१७४ चा त्यांचा शोध १९४९ चा. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभर नाव झालं. कोणतीही चार अंकी संख्या घे, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लाव, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा कर, आणि हेच करत राहा. ३५२४ घेतलीस तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ७६४१ − १४६७, परत ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या संख्या इथेच येऊन थांबतात.

असं का होतं ते पुरतं कळायला मेहनत आहे, पण अर्धं अक्षरांतून दिसतं. उतरते अंक अ, ब, क, ड मान आणि दोन्ही संख्या सुट्या करून वजाबाकी कर. उरतं ९९९(अ − ड) + ९०(ब − क). चार अंक आत गेले आणि बाहेर आले फक्त दोन फरक! पहिला फरक १ ते ९ मधला, आणि दुसरा पहिल्याहून मोठा होऊच शकत नाही. मोजलंस तर अशा जोड्या ५४ भरतात. म्हणजे जवळजवळ नऊ हजार संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ वर येतात. मग ५४ जणांची वाट शोधणं कागदावर बसून जमण्यासारखं आहे. तीन अंकांत तर मधला अंक साफ गळून पडतो, ९९(अ − क) एवढंच राहतं, आणि सगळ्यांचा मुक्काम ४९५ वर. ‘मनात एक संख्या धर’ म्हणणाऱ्यांची सगळी करामत ही एवढीच असते. तुझं अक्षर त्यांनी वाटेत कुठेतरी गाळलेलं असतं.

पण सगळे अंक सुटे करायचा सोसही बरा नव्हे. हे बघ: एक सहा अंकी संख्या १ नं सुरू होते. तो १ पुढून काढून शेवटी लावला की संख्या तिप्पट होते. संख्या कोणती? हुशार मुलं पाच अंकांना पाच अक्षरं देतात आणि पान भरून टाकतात. अगं, ते पाच अंक एकमेकांपासून सुटतच नाहीत! आगगाडीचं इंजिन पुढून काढून मागे जोडलं तर डब्यांचा क्रम बदलतो का? मग सगळ्या डब्यांना मिळून एकच अक्षर दे. समजा, ड. आधीची संख्या १००००० + ड, नंतरची १०ड + १. म्हणून १०ड + १ = ३००००० + ३ड, म्हणजे ७ड = २९९९९९, आणि ड = ४२८५७. संख्या १४२८५७. तिप्पट ४२८५७१. एका ओळीचं काम.

आणि कधी कधी अक्षर न वापरणं हीसुद्धा हुशारी असते. शेवटचा २ उचलून पुढे आणला की दुप्पट होणारी संख्या शोध म्हटलं, तर किती अंकी ते ठाऊक नसल्यानं समीकरण लोंबकळत राहतं. सरळ दुप्पट करत सुट. एककाला २, त्याची दुप्पट ४. दुप्पट झालेल्या संख्येचा एकक म्हणजेच मूळ संख्येचा दशक, म्हणून दशकाला ४. मग ८. मग १६, सहा लिहा, हातचा एक. सहाची दुप्पट बारा आणि हातचा एक, तेरा. तीन लिहा, हातचा एक. उजवीकडून डावीकडे असंच चालत राहा, ते पुढचा अंक परत २ आणि हातचा शून्य होईपर्यंत. मग तो २ न लिहिता थांब. १०५२६३१५७८९४७३६८४२ असं अठरा अंकी धूड निघतं. आधी उत्तर बघून मग समीकरण मांडायला बसलीस तर १९ नं भागायची ती कटकट किती लांब होती हे कळेल.

लागोपाठच्या संख्या दिसल्या की अक्षर मधलीला. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात बोगदानोव्ह-बेल्स्कीचं १८९५ सालचं एक चित्र आहे. खेड्यातली शाळा, फळ्यापुढे डोकं खाजवणारी पोरं, आणि बाजूला राचिन्स्की मास्तर बसलेले. ते आधी मॉस्कोच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. फळ्यावर १०, ११, १२, १३ आणि १४ यांच्या वर्गांची बेरीज भागिले ३६५, आणि हे तोंडी करायचंय. पहिल्या तिघांच्या वर्गांची बेरीज ३६५ आणि शेवटच्या दोघांचीही ३६५, म्हणून उत्तर २. अशा पाच संख्या शोधायच्या कशा? पहिलीला क्ष म्हटलंस तर चार कंस सोडव. मधलीला म म्हण. म + १ आणि म − १ यांच्या वर्गांतला फरक ४म, म + २ आणि म − २ यांच्यातला ८म. म्हणून म² = १२म. म = १२.

थांब, घाईनं म नं भागलंस ना? म्हणूनच एक उत्तर हातचं गेलं. म शून्यही चालतो: −२, −१, ०, १, २. यांचेही वर्ग लावून बघ. अक्षरानं भागायच्या आधी ते शून्य नाही ना, एवढं विचारायचं.

आता खरं चिवट. एकानं बँकेत चेक वटवायला दिला. कॅशियरनं रुपयांच्या जागी पैसे आणि पैशांच्या जागी रुपये वाचून तेवढी रक्कम हातात ठेवली. यानं मोजलीच नाही. वाटेत पाच पैसे खर्च केले, आणि घरी येऊन बघतो तो चेकच्या रकमेच्या बरोबर दुप्पट शिल्लक. चेक केवढ्याचा? कोडं मुळात डॉलर-सेंटचं. आपल्याकडे ते चालतं १९५७ पासून, कारण त्याआधी रुपयाचे पैसे ६४ असत.

अक्षरं र आणि प ठेव, पण र म्हणजे रुपये नव्हेत, रुपयांची संख्या. पुढे घोळ होतो तो इथूनच. सगळं पैशांत आण. चेक १००र + प, हातात आले १००प + र. म्हणून १००प + र − ५ = २००र + २प. आवरून घेतलं की ९८प = १९९र + ५.

अक्षरं दोन, समीकरण एक. इथे बहुतेक जण ‘माहिती अपुरी आहे’ म्हणून पेन खाली ठेवतात. माहिती आहे, फक्त ती कोड्यात छापलेली नाही: र आणि प दोन्ही पूर्ण संख्या, आणि दोन्ही शंभराच्या आत, कारण दोघांनीही एकदा तरी पैशांची जागा घेतलीय. आता भाग दे. १९९ मध्ये ९८ दोनदा जातो, उरतात ३. म्हणजे प = २र + (३र + ५)/९८. तो अपूर्णांक पूर्ण संख्या व्हायलाच हवा. ३र + ५ हे ९८ असेल तर ३र = ९३, र = ३१. प = ६२ + १ = ६३. चेक ३१ रुपये ६३ पैशांचा. मिळाले ६३ रुपये ३१ पैसे, पाच गेले, उरले ६३ रुपये २६ पैसे, आणि ते ३१ रुपये ६३ पैशांच्या दुप्पट. दुसरं उत्तर नाही ना तेही बघायचं. ९८ ऐवजी १९६ किंवा २९४ घेतलंस तर ३ नं भाग जात नाही. ३९२ घेतलंस तर र १२९ येतो, शंभराबाहेर.

मोठ्या संख्येला लहान संख्येनं भागून बाकीवर यायचं, अट लहान करत न्यायची, या रीतीला आपल्याकडे कुट्टक म्हणतात. आर्यभटांनी ती ४९९ च्या ‘आर्यभटीया’त दिलीय. आणि जाता जाता ९८ गुणिले ६३ करून बघ. ६१७४ येतात. निव्वळ योगायोग आहे, त्यात अर्थ शोधत बसू नकोस.

मैत्रिणींना हे कोडं घालणार असशील तर पाचाच्या जागी वाटेल तो आकडा टाकू नकोस. सहा पैसे केलेस तर ३र + ६ ला ९८ नं भाग जायला हवा. र ९६ येतो आणि प थेट १९५, असा चेक कुणी लिहील का? दोन पैसे चालतात, ३२ रुपये ६५ पैसे. आठ चालतात, ३० रुपये ६१ पैसे. अकराही चालतील, ते तू काढ.